वाटखर्ची : घोरेपानीची वाट आणि गुडघ्यांची तक्रार

गेल्या अंकात पून हिल या टेकडीच्या वाटेबद्दल मी जेमतेम दहा ओळी लिहिल्या होत्या. नेपाळात पोखऱ्याहून निघायचं, उल्लेरी, घोरेपानी, ताडापानी, घांद्रुक असं चार-पाच दिवस चालायचं, रात्री वाटेवरच्या गावातल्या टी हाउसमध्ये मुक्काम. तंबू नाही, पाठीवर शिधा नाही. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवते. (धरणगावचे आजोबा, गिरनारचं तुमचं पत्र पुढच्या महिन्यात. विसरले नाही.)

बाई, आम्ही रावेर तालुक्यातले. माझं वय ५८, मंडळींचं ५४. दिवसभर केळीच्या बागेत असतो, चैत्रात तीनदा वणीच्या गडावर पायी गेलो. मंडळींचा उजवा गुडघा मात्र कुरकुरतो. झेपेल का? आणि टी हाउस म्हणजे चहाची टपरीच ना, मग झोपायचं कुठे?

भाऊ, वणीला पायी जाणाऱ्यांना दमाचं काय विचारायचं! पण वणीची वाट बहुतेक डांबरी. इथे दगडी पायऱ्या आहेत, आणि त्या संपत नाहीत. तिखेढुंगा साधारण १,५४० मीटरवर, उल्लेरी २,००० च्या आसपास. मधल्या चढणीला तीन हजारांवर पायऱ्या आहेत. मी पहिल्या पाचशे मोजल्या, मग देवाचं नाव घेतलं.

तरी चढणीला घाबरू नका. धाप लागते, थांबलं की उतरते. गुडघ्याचा हिशेब होतो उतारावर. नेपाळीत चढाला उकालो आणि उताराला ओरालो म्हणतात, आणि आमच्या गटातले सगळे उकालोला कण्हत होते तेव्हा मी मात्र ऐटीत होते. तिसऱ्या दिवशी घोरेपानीहून ताडापानीला निघालो. एका ओढ्याकाठी उतरणारी अरुंद, ओली वाट. सावलीतल्या पायऱ्यांवर बर्फाचा पातळ पापुद्रा. तिथे माझा डावा गुडघा असा काही बोलायला लागला की संध्याकाळी मी जिना उलट्या पावलांनी उतरले. सोबतचा भरिया (सामान वाहणाऱ्याला तिथे भरिया म्हणतात) दर वळणावर एकच शब्द सांगत होता, ‘बिस्तारै’. म्हणजे हळू. मी तो कानाआड केला होता.

म्हणून वहिनींसाठी सांगते. आधी गुडघा डॉक्टरांना दाखवा. त्यांनी होकार दिला तर उल्लेरीपर्यंत जीपने जा. आता रस्ता तिथवर पोहोचला आहे, त्यात कमीपणा काही नाही. हातात एक नव्हे, दोन काठ्या. उतारावर पाऊल छोटं, जरा आडवं. दोघांत मिळून एक भरिया घ्या आणि त्याच्या पाठीवर संसार लादू नका. रोज पाच-सहा तास चालणं होतं, घाई कुणालाच नसते.

आता टी हाउस. नाव चहाचं असलं तरी ते एखाद्या कुटुंबाचं घर असतं. खाली स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली, तिच्या मधोमध लाकडाची शेगडी, वर दोन-दोन खाटांच्या खोल्या. भिंती पातळ फळ्यांच्या, त्यामुळे शेजारच्या खोलीतलं घोरणं आपल्याच उशीवर ऐकू येतं. जाड रजई मिळते. घरं दगडाची, छपरांवर दगडी पाट्या. आपल्या धाब्याच्या घरांत वाढलेल्या माणसाला त्या उतरत्या छपरांचं कौतुक वाटतं. उल्लेरीकडे मगर जमातीच्या लोकांची वस्ती, घांद्रुक गुरुंगांचं मोठं गाव. घरटी कुणी ना कुणी पलटणीत गेलेला. म्हाताऱ्यांच्या खोलीत गणवेशातले फोटो टांगलेले दिसतात.

आम्ही अमळनेरच्या भिशीच्या चौदा जणी. सोबत आचारी न्यायचा विचार आहे. निदान पुऱ्या, दशम्या, शेव, बिबडे, लोणची एवढं तरी नेऊच. परक्या मुलखात जेवणाचे हाल नकोत. किती न्यावं?

काही नेऊ नका. जरा तोडून बोलले, पण कारण ऐका.

पहिल्या खेपेला आम्ही सात जणी होतो आणि आमच्याजवळ नऊ किलो खाणं होतं. मोजून घेतलेलं, कारण भुसावळ स्टेशनवर माझ्या नणंदेने ते सामानाच्या काट्यावर ठेवून पाहिलं. उल्लेरीला पोहोचल्यावर जेवणाच्या खोलीत आम्ही पंगत मांडली. दशम्या, लसणाची चटणी, शेव, शेंगदाण्याचे लाडू. घराच्या दीदीने विचारलं, ‘चिया?’ आम्ही म्हटलं, हो, सात कप. तिने चहा दिला आणि शेगडीत लाकूड सारून गप्प बसली. सकाळी खोलीभाडं ऐकून आम्ही खूश. एवढ्याशा पैशात रजई, शेगडी, गरम पाणी!

वाटेत भरियाने समजावलं, तेव्हा तोंड लपवावंसं वाटलं. खोलीचं भाडं नावापुरतं असतं. पाहुणा तिथेच जेवेल या भरवशावर ते कमी ठेवलेलं असतं. त्यांची कमाई जेवणातून. तांदूळ, तेल, गॅसची टाकी, सगळं खेचरांच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या कपाळपट्टीवर वर येतं, म्हणून जसजसे वर जाल तसतसा ताटाचा भाव चढतो. आम्ही तिच्या शेगडीची ऊब घेतली, तिचं लाकूड जाळलं आणि आपलीच दशमी खाल्ली. कुणी आपल्या ओसरीवर येऊन, आपलाच पाट मांडून, स्वतःचा डबा उघडून बसलं तर कसं वाटेल?

त्यामुळे आचाऱ्याला अमळनेरलाच ठेवा. तिथे दालभात मिळतो. डाळ, भात, एखादी भाजी, लोणचं, आणि वर पुन्हापुन्हा वाढतात, त्याचे जास्तीचे पैसे नाहीत. ‘दालभात पॉवर, चोवीस आवर’ असं छापलेले टी-शर्ट पोखऱ्यात मिळतात, ते उगाच नाही. गुंद्रुक नावाची आंबवून वाळवलेली पालेभाजी खाऊन पाहा, आंबट असते. आणि ढिंडो मागा. कोदोच्या पिठाचा घट्ट गोळा. कोदो म्हटल्यावर आपल्याला कोद्रा आठवतो, पण नेपाळीत कोदो म्हणजे नाचणी. आपल्याकडच्या कळण्याच्या भाकरीची आठवण येईल, भाकरी न थापता पातेल्यातच राहिली तर लागेल तशी.

चौदा जणींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. जेवण दुपारी चार-साडेचारलाच सांगून टाका, आणि सगळ्यांचं एकच. चूल एक, हात चार. तुमच्यातल्या एकीला नूडल्स, दुसरीला पॅनकेक, तिसरीला थुकपा (नूडल्सचं सूप) हवा असेल तर चौदावीला रात्री नऊला जेवण मिळेल. चौदा जणींना एका घरात खोल्याही मिळायच्या नाहीत. दोन गट करा किंवा आधी कळवा.

ठेच्याची एक बाटली मात्र न्या. दुसऱ्या खेपेला मी ताडापानीच्या दीदीला लसणाची चटणी चाखायला दिली. तिने ती ढिंडोबरोबर खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, ‘मिठो छ’ (चव छान आहे) म्हणाली आणि उरलेली वाटी आत घेऊन गेली. परत आली ती रिकामी वाटी घेऊन. पुढच्या वेळी दोन बाटल्या.

मी शहाद्याचा, वय २६. खान्देशातून जायचं कसं? कागदपत्रं, पैसे, सिम?

भुसावळहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत, कुशीनगर एक्स्प्रेस त्यातली एक. साधारण एक दिवस-एक रात्र. गोरखपूरहून बसने किंवा जीपने सोनौली, तिथे पायी सीमा ओलांडायची, पलीकडे भैरहवा. तिथून पोखऱ्याच्या बसमध्ये बुटवल-पाल्पाच्या घाटात दिवस जातो. ज्यांना गाडी लागते त्यांनी आल्याची वडी खिशात ठेवावी.

भारतीयांना व्हिसा नको. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, आधारवर विसंबू नका. पोखऱ्यात अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं प्रवेशपत्र काढावं लागतं. मी गेले तेव्हा सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपये पडले, म्हणजे आपले ६२५. हिशेब सोपा आहे: आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६०, आणि हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. रोख पैसे पोखऱ्यातच बदलून घ्या, वाटेवर एटीएमच्या भरवशावर राहू नका. भारतीय नोटा जवळ ठेवायच्या तर शंभराच्या. नेपाळी सिम पोखऱ्यात मिळतं. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. आमच्यातल्या एकीने केलं नाही आणि परतीची बस तिच्यामुळे जवळजवळ सुटली.

मार्च चांगला की ऑक्टोबर? आणि सराव कुठे करायचा? आमच्या चाळीसगावला हिमालय कुठून आणणार? — एक विद्यार्थिनी

डोंगर स्वच्छ बघायचे तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. पण तेव्हा आपल्याकडे कापसाची वेचणी, शेतकऱ्याच्या घरातून कोण निघणार! मार्चअखेर ते एप्रिल हा माझा आवडता काळ. लालीगुराँस फुलतो तेव्हा. हे नेपाळचं राष्ट्रीय फूल, आणि झाड म्हणजे कुंडीतलं रोप नव्हे, आपल्या महुआसारखा मोठा वृक्ष. घोरेपानीच्या आजूबाजूचं अख्खं जंगल लाल होतं, खाली पायऱ्यांवर पाकळ्यांचा चिखल. पाय घसरतो, तेवढं बघा. दुपारनंतर ढग येतात, कधी गारा. म्हणून पहाटे निघून दोनच्या आत मुक्काम गाठावा. जून ते सप्टेंबर नको. पाऊस आणि जळवा. तिथे त्यांना जुका म्हणतात, नाव कुठलंही असलं तरी मोज्यात शिरतातच.

सरावाला पाटणादेवी तुझ्या दारात आहे. तिथून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे पाठीवर पाच किलो घेऊन चढ-उतार कर, आठवड्यातून दोनदा. मी भुसावळला प्लॅटफॉर्म तिकीट काढते आणि स्टेशनच्या पुलावर चढ-उतार करते. तिकीट दोन तास चालतं, माझे पाय दीड. हमाल आता ओळखतात. एकाने विचारलं होतं, ‘माय, कोनती गाडी धरनी शे?’ मी म्हटलं, पोखऱ्याची.

पून हिल ३,२१० मीटर. घोरेपानी २,८६० च्या आसपास, तिथे रात्र काढून पहाटे चारला अंधारात टॉर्च घेऊन निघायचं, तासाभराची चढण. उजाडताना समोर धवलगिरी (८,१६७ मीटर), मग अन्नपूर्णेची रांग, उजव्या हाताला माशाच्या शेपटीसारखा माछापुच्छ्रे. हा पवित्र मानतात, त्याच्या शिखरावर चढायला बंदी आहे. घोरेपानीला पूर्वी व्यापाऱ्यांच्या घोड्यांना पाणी पाजायचे, म्हणून हे नाव. मराठी माणसाला फोड करून सांगायची गरज नाही. या उंचीवर डोकं दुखलं, मळमळलं तर फोटोचा हट्ट सोडून खाली उतरायचं. गोळी घेऊन वर चढायचं नाही.

आणि खेचरं. गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या की डोंगराच्या बाजूला उभी राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. खेचराच्या पाठीवर टाकी असते, तिचा धक्का लागला तर खेचर थांबत नाही.

हा प्रश्न नाव न देता छापा. तिकडे संडासाची सोय कशी? आणि पाळी आली तर? — नंदुरबारची एक मुलगी

नाव नाही छापत, पण प्रश्न सगळ्यांच्या पोटातला आहे, एवढं सांगते. संडासाला तिथे चर्पी म्हणतात. मुक्कामाच्या घरात बऱ्यापैकी स्वच्छ असतो, बहुतेक ठिकाणी भारतीय पद्धतीचा, पण सामाईक आणि बरेचदा खोलीबाहेर. रात्री टॉर्च उशाशी ठेव. वाटेतल्या चहाच्या ठिकाणीही विचारलं की वापरू देतात, चहा घ्यावा. पाणी बर्फासारखं असतं, गरम पाण्याच्या अंघोळीचे वेगळे पैसे. पॅड घरूनच ने, दोन जास्तीचे. वापरलेलं कागदात गुंडाळून बंद पिशवीत ठेव आणि पोखऱ्याला परत आण. संडासात टाकू नको, जंगलात तर नाहीच. सोबतच्या मुलींना आधीच सांगून ठेव म्हणजे त्या दिवशी चाल कमी ठेवता येते. पिण्याला ‘उमालेको पानी’ माग, उकळलेलं. लिटरवर पैसे घेतात, पण बाटल्यांचा कचरा होत नाही.

माझे ट्रेकिंगचे बूट चार वर्षांपूर्वी घेतलेले आहेत, फारसे वापरलेले नाहीत, माळ्यावर जपून ठेवलेत. चालतील ना? — एरंडोल

हेच मीही म्हणाले होते. एकदाच वापरलेले महागाचे बूट, भुसावळच्या उन्हाळ्यात पाच वर्षं पत्र्याखालच्या माळ्यावर. वरून नवेकोरे. वाटेच्या सुरुवातीलाच, हिले गावच्या पुलाजवळ डाव्या बुटाचा तळवा तोंड उघडून बसला, आणि दुपारी उजव्यानेही सोबत दिली. अशा बुटांच्या तळव्यातला मऊ थर दमट हवेने न वापरताही कुजतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तर आणखी लवकर. म्हणून आत्ताच काढा, तळवा दाबून-वाकवून बघा, मग ते घालून आठवडाभर बाजारहाट करा. फुटायचे तर एरंडोललाच फुटोत.

मी साडीच्या काठाची पट्टी फाडून ते बांधले आणि तशीच पुढचे तीन दिवस चालले. घांद्रुकला एका दुकानात गोल्डस्टारचे कापडी बूट घेतले, भरिये घालतात तेच. ते अजून टिकलेत. जुने बूट मी मुक्कामाच्या दीदीला टाकून द्यायला सांगितले. तिने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि आधी नाड्या काढून घेतल्या. चांगल्या होत्या, म्हणाली.