मेंदूची काळजी घ्यायची आहे? आधी रक्तदाब मोजा

मेंदू तल्लख राहावा म्हणून कोडी आणि स्मरणशक्तीच्या गोळ्यांपासून सुरुवात करायचं तुमच्या मनात असेल, पण माझं ऐकाल तर आधी रक्तदाब मोजून घ्या. चाळिशी-पन्नाशीत वाढलेला रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब करत राहतो आणि त्रास मात्र बहुतेकदा काहीच जाणवत नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे, बदलता येण्यासारखे १४ धोके दिले आहेत. त्यात रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांच्यासोबत कमी ऐकू येणं आणि माणसांपासून तुटणंही आहे. कानांकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. नीट ऐकू आलं नाही की माणूस हळूहळू गप्पांतून अंग काढून घेतो, मग मेंदूला कामच उरत नाही. तपासणी करून घ्या, आणि यंत्र लागलं तर कृपा करून लाजू नका.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं. पहिल्या दिवशी १० मिनिटंही पुरेत. झोप सात तास तरी हवी. खूप घोरत असाल तर डॉक्टरांना सांगा.

कोडी आवडत असतील तर जरूर सोडवा. पण चार जणांत बसून नवं वाद्य किंवा भाषा शिकायला घेतलीत, तर मला जास्त आनंद होईल.