ठाण्यात एस.वाय.बी.एस्सी. (गणित) करतेय. उन्हाळी रिसर्चसाठी कुठे अर्ज करू?

आधी एमटीटीएस. १९९३ पासून चालणारं हे ४ आठवड्यांचं गणिताचं शिबिर. त्याची 'ओ' लेव्हल दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठीच आहे. तिथे नवा शोध लावायचा नसतो, पण उदाहरणं स्वतः शोधायची आणि फळ्यापाशी उभं राहून सिद्धता मांडायची सवय लागते. सिद्धता पाठ करून पेपर दिलेल्यांना सुरुवातीचे दिवस फार जड जातात. टिकून राहा, संशोधनाची खरी तयारी तीच.

पुढच्या वर्षी विज्ञान अकादमींची समर फेलोशिप बघा. २ महिने एका मार्गदर्शकाबरोबर काम करायला मिळतं. अर्ज मात्र दिवाळीच्या सुमारासच भरायचा असतो आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, म्हणून सरांशी आत्ताच बोलून ठेवा.

टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) व्हीएसआरपी हा उन्हाळी संशोधन कार्यक्रम कुलाब्यातच, म्हणजे ठाण्याहून सीएसएमटी लोकल आणि पुढे बस. पात्रतेच्या अटी तेवढ्या नीट वाचा. कोडिंगची आवड असेल तर पवईला आयआयटीची 'फॉसी' (मुक्त सॉफ्टवेअरवर काम करण्याची) फेलोशिपही चांगली.

अमेरिकेतल्या आरईयूमागे (पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम) वेळ घालवू नका. एनएसएफचा (तिथली राष्ट्रीय विज्ञान संस्था) तो निधी तिथले नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच असतो.