नवस नंतर, आधी तळ्याची फेरी

ताई, नोकरी गेली, आता नवस बोलू की पारायण करू, असं तुम्ही विचारलंत. माझी नोकरी गेल्यावर मीही दोन महिने घराबाहेर पडले नव्हते, म्हणून सांगते. सुरुवातीला एवढंच करा: रोज सकाळी ठरल्या वेळी आपल्या ठाण्याच्या मासुंदा तलावाला एक फेरी. वाटलं तर शेजारी कौपिनेश्वराच्या देवळात जरा टेका. मागणं सुचत नसेल तर नुसतं बसा. मला तर महिनाभर तेवढंच जमलं.

नवीन माणूस पहिल्याच आठवड्यात मोठे उपास धरतो आणि मोडले की स्वतःला दोष देतो. त्याहून वाईट म्हणजे घरच्यांपासून लपवणं. एकाला तरी खरं सांगा.

जगणंच नकोसं वाटलं तर लगेच १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

पारायणाचं पुढे बघू. उद्या फक्त चपला घाला आणि निघा.