'संकरित' की 'संमिश्र'?

प्रश्न असा आला आहे: टेक्सासमधल्या 'सांता गर्ट्रूडिस' या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'कॉम्पोझिट ब्रीड'ला, म्हणजे दोन किंवा अधिक जाती मिसळून घडवलेल्या स्थिर जातीला, 'संकरित जात' म्हटलं तर चालेल का?

मी म्हणणार नाही. 'संकरित' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गावठी गायीला जर्सीचं रेतन करून झालेली कालवड येते. तिला पुन्हा संकरित वळूच दाखवला तर वासरं एकसारखी निपजत नाहीत, एक आईवर जातं तर दुसरं आजीवर. संकर एकदा घडतो, पुढच्या पिढीची हमी देत नाही.

सांता गर्ट्रूडिसची गोष्ट निराळी. दक्षिण टेक्सासच्या उन्हात आणि गोचिडांत विलायती शॉर्टहॉर्न गुरं तग धरेनात, म्हणून तिथल्या 'किंग रँच' या गुरं पाळणाऱ्या मोठ्या फार्मवर त्यांचा भारतीय वंशाच्या ब्राह्मन गुरांशी संकर केला. 1920 साली जन्मलेला 'मंकी' नावाचा तांबडा वळू इतका सरस निघाला की जातीचा मूळपुरुष तोच ठरला. पुढे नात्यातली निवडक पैदास होत गेली आणि 1940 मध्ये अमेरिकी कृषी खात्याने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. पाच-अष्टमांश शॉर्टहॉर्न, तीन-अष्टमांश ब्राह्मन, पण आता तांबड्या जोडीला तांबडंच वासरू होतं. 'जात' शब्दाच्या मुळाशी 'जन्' (जन्मणे) धातू आहे, तो इथे नेमका लागू पडतो.

नुसतं 'मिश्र' मला अपुरं वाटतं. मिश्र पिकात तूर तूरच राहते आणि बाजरी बाजरीच. इथे सगळं एकजीव झालंय. म्हणून 'संमिश्र जात' लिहा, आणि पहिल्या उल्लेखात 'संकरातून स्थिर झालेली' एवढं जोडा.

या शब्दाची गरज आपल्या घरातही आहे. अमेरिकी ब्राह्मन भारतातून गेलेल्या गुरांपासून घडली: कांकरेज, ओंगोल, गीर आणि थोडी कृष्णा व्हॅली. यांतली कृष्णा व्हॅली सांगलीसारख्या संस्थानांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गीर, ओंगोल, कांकरेज वगैरेंच्या मिश्रणातून, कृष्णाकाठच्या काळ्या चिकट रानात औत ओढायला घडवली. म्हणजे तीही संमिश्रच, पण तिला कुणी 'संकरित' म्हणत नाही.

आणि भाषांतरात 'ब्राह्मण गाय' मात्र लिहू नका. गुरांचं नाव 'ब्राह्मन' असं 'न'नेच लिहा, नाहीतर वाचणारा भलताच अर्थ घेईल.