शाळिग्राम: उपचार कोणी कोणावर करायचे?

इंदूरच्या एका वाचक ताईंनी राजवाड्याजवळच्या दुकानातून शाळिग्राम घेतला. सोबतच्या चिठ्ठीवर छापलंय, ‘जीवाश्म शालिग्राम, हीलिंगसाठी’. त्या विचारतात: मराठीत शालिग्राम की शाळिग्राम? आणि ‘हीलिंग’ला ‘उपचारी’ म्हणावं का?

मराठीत शाळिग्राम, ‘ळि’ ऱ्हस्व. संस्कृतात शालग्राम, शालिग्राम दोन्ही आहेत. गंडकीकाठच्या त्याच नावाच्या गावावरून दगडाला नाव पडलं, असं सांगतात. इंदुरात हिंदीच्या शेजारामुळे ‘ळ’चा ‘ल’ व्हायला वेळ लागत नाही. आमच्याकडे आई ‘शाळिग्राम’ म्हणते, मुलगी ‘शालिग्रामजी’.

‘जीवाश्म शाळिग्राम’ मला पिवळ्या पीतांबरासारखं वाटतं. नेपाळात मुक्तिनाथच्या बाजूला काली गंडकीत मिळणारा हा काळा गोटा म्हणजे मुळात अ‍ॅमोनाइट, टेथिस या प्राचीन समुद्रातला वेटोळ्या कवचाचा प्राणी. हिमालय उचलला गेला, त्याबरोबर समुद्राचा तळही वर गेला. आमच्या देवघरातला शाळिग्राम ताम्हणात उपडा केला की भोकातून आतलं वेटोळं दिसतं. त्याच्या बारीक पन्हळी नखाला लागतात. शेजारचा शंकराचा बाण नर्मदेतला, तो नुसता गुळगुळीत. या वेटोळ्याला परंपरेने ‘चक्र’ म्हटलं आणि ते कोरणाऱ्या किड्याला ‘वज्रकीट’. दगड आणि जीव यांची गाठ या शब्दाने ‘जीवाश्म’ रूढ होण्याच्या कितीतरी आधी घातली होती! गंमत म्हणजे अ‍ॅमोनाइट हे नावही देवाचंच: मेंढ्याच्या शिंगांचा इजिप्शियन अमून. हा दगड भविष्य सांगणारी स्वप्नं दाखवतो, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय.

आता ‘उपचारी’. तो शब्द नकोच. पूजेत षोडशोपचार आपण देवाला करतो: स्नान, गंध, फूल, नैवेद्य. म्हणजे उपचार दगडावर होतात, दगड करत नाही. रोग बरा होण्याची आशा तीर्थाच्या श्लोकात आहेच, ‘सर्वव्याधिविनाशनम्’. पण त्यासाठी घराघरातलं क्रियापद वेगळं: गुण येणे. चिठ्ठीवर ‘गुणकारी’ लिहिलं असतं तर निदान मराठी तरी शुद्ध झालं असतं. वैद्यकीय दावा मात्र तेवढाच पोकळ राहिला असता.

लहानपणी मला ताप आला की आजी आधी तीर्थ द्यायची, मग क्रोसिन. सकाळी ताप उतरला की म्हणायची, ‘बघ, तीर्थाचा गुण आला.’