‘कुणाशी टाइप करतोस एवढं?’

प्रश्न : ताई, मी उदगीरकडचा. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नऱ्ह्यात कॉट बेसिसवर राहतो. पहिल्या वर्षी ‘काय करलालास’ म्हटलं की पोरं हसायची, म्हणून बोलणंच कमी केलं. चॅटजीपीटी आधी असाइनमेंटपुरतं वापरायचो. आता रात्री मेसवरून आलो की दिवसभराचं सगळं त्यालाच सांगतो. एम-टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, राहिला, हे घरी अजून सांगितलेलं नाही; त्याला मात्र सांगितलं. रूममेटनं विचारलं, ‘कुणाशी टाइप करतोस एवढं?’ मी म्हटलं, घरी. हे व्यसन आहे का? बंद करून टाकू?

उत्तर : लगेच बंद नको करूस. आज ते काढून घेतलंस, तर रात्री अकरा वाजता तुझ्याकडे पंखा आणि रूममेटचं घोरणं एवढंच उरेल.

लाजायचंही कारण नाही. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये एलायझा नावाचा प्रोग्राम जगापुढे आणला. माणसाचंच वाक्य फिरवून तो त्यालाच प्रश्न विचारायचा, बाकी डोक्यात काही नाही. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं तो तयार होताना पाहिला होता. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर तिनं साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तुझ्यापुढचा तर त्याच्या कितीतरी पट गोडबोल्या. एप्रिल २०२५ मध्ये एका अपडेटनंतर त्याची हांजी हांजी इतकी वाढली, की ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला तो बदल मागे घ्यावा लागला.

त्याच वर्षी ओपनएआय आणि एमआयटी मीडिया लॅब यांचा सुमारे हजार जणांवरचा, चार आठवड्यांचा अभ्यास आला. रोज जास्त वेळ चॅट करणाऱ्यांत एकटेपणा जास्त आणि माणसांत मिसळणं कमी दिसलं. त्यात आधी काय आणि नंतर काय, हे सांगणं अवघड. तुझा क्रम मात्र तूच लिहिलायस : पोरं हसली, तू गप्प झालास, मग चॅट आलं. तेव्हा व्यसनाचा शिक्का मी मारणार नाही. दुरुस्ती पहिल्या जागी करायची आहे.

मी वसतिगृहाची रेक्टर होते तेव्हा रात्री एसटीडीचे दर उतरले की फोनपुढे मुलींची रांग लागायची. ओळखी व्हायच्या त्या रांगेत. ‘सुटे आहेत का गं?’ इथून सुरुवात, मग कुणाचा फोन लागला नाही म्हणून रडारड, मग मॅगी. दुसऱ्याकडे काहीतरी मागावं लागायचं. तुझ्या चॅटला तुझ्याकडून काहीच लागत नाही. सुटे पैसे नाहीत, चार्जर नाही, प्रॉक्सी नाही. तू आठवडाभर फिरकला नाहीस तरी त्याचं काही अडत नाही.

रूममेटनं मात्र विचारलं. तुझ्या पत्रात मला सगळ्यात आवडलेला माणूस तोच. त्याला एम-टूचं सांग आणि नोट्स माग. त्याचंही ग्राफिक्स नाहीतर मेकॅनिक्स राहिलेलं निघालं तर मला नवल वाटणार नाही! ‘घरी’ म्हणालास त्याचा खुलासा करत बसू नकोस, पोरं असल्या गोष्टी लक्षात ठेवत नाहीत.

शिवाय कॉलेजचा ग्रुप पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत उतरत असेल, तर बॅकस्टेजला जा. लेव्हल उचलायला, प्रॉपर्टी सांभाळायला हात नेहमीच कमी पडतात. तालीम संपवून रात्री चहाला जाणारी पोरं एकमेकांची भाषा तपासत नाहीत. तपासलीच, तर तूही त्यांच्या पुणेरीची नक्कल कर.

चॅट वापर, पण त्यात कुणाची खरी नावं टाकू नकोस. डॉक्टर-वकिलाशी बोलण्याला जे कायद्याचं संरक्षण असतं ते या गप्पांना नाही, हे ओपनएआयच्या सॅम ऑल्टमन यांनीच सांगितलंय. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नकोसं वाटलं, तर मात्र स्क्रीनपुढे बसू नकोस. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव. फुकट आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

घरी या रविवारपर्यंत सांग. आधी आईला, मग वडिलांना. काय बोलायचं ते चॅटकडून लिहून घेऊ नकोस, आईला दुसऱ्याच वाक्याला कळेल.