महेश्वरला उतरावे कोठे?

प्रश्न : येत्या माघात आम्ही चौघे महेश्वरला तीन रात्री मुक्काम करणार आहोत. सोबत सासूबाई आहेत. त्यांचे वय 74, गुडघे दुखरे, पण नर्मदास्नानाची इच्छा मोठी. किल्ल्यालगतच्या गल्लीतील ‘रिव्हर व्ह्यू’ गेस्ट हाउस, घाटांपासून दूर असलेले मध्य प्रदेश राज्य पर्यटन महामंडळाचे रिसॉर्ट आणि घाटाजवळची धर्मशाळा यांपैकी काय निवडावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण भाड्याची आणि खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याची चौकशी केलेली दिसते, पायऱ्यांची मात्र केलेली दिसत नाही, आणि सासूबाई सोबत असताना तीच आधी करायला हवी. अहिल्याबाई होळकरांनी 1767 पासून 1795 पर्यंत जेथून कारभार पाहिला तो वाडा वर किल्ल्यात आहे, घाट पुष्कळ खाली नदीशी आहेत आणि बाजारपेठ किल्ल्याच्या मागच्या अंगाला पसरलेली आहे. वाड्याकडून घाटावर उतरणारा दगडी जिना रुंद आणि देखणा असला, तरी दुखऱ्या गुडघ्यांनी तो दिवसातून दोनदा चढणे होणार नाही. म्हणून गेस्ट हाउसला फोन करून खोली कितव्या मजल्यावर आहे, गाडी दारापर्यंत येते का आणि तेथून घाटापर्यंत चढउतार किती, हे आधी विचारावे. ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणजे खोलीची खिडकी की नुसती गच्ची, हेही स्पष्ट करून घ्यावे. जुन्या घरांत नदी दिसते ती बहुधा सर्वांत वरच्या मजल्यावरून, आणि तेथे लिफ्टची अपेक्षा धरू नये.

गाव नर्मदेच्या उत्तर तीरावर असल्यामुळे नदीकडच्या खिडक्या दक्षिणेला उघडतात. माघात त्यांतून दिवसभर ऊन आत येते आणि म्हाताऱ्या माणसाला ते सुखाचे असते; वरच्या मजल्याची खोली वैशाखात, निमाडच्या उन्हाळ्यात, मात्र भट्टी होते. आपल्या तारखांना तरी ही अडचण नाही.

रिसॉर्टही नदीकाठीच आहे, शांत आहे आणि गाडीतून उतरून थेट खोलीत जाता येते. परंतु महेश्वर पाहायचे ते पहाटे आणि सांजवेळी, घाटावर बसून. दर वेळी त्यासाठी वाहन काढावे लागले, तर दुसऱ्या दिवसापासून कंटाळा होतो. तेव्हा गल्लीतील गेस्ट हाउसमध्ये तळमजल्याची खोली मिळत असेल तर नदीदर्शनाचा मोह सोडून तीच घ्यावी, आणि ती नसेल तरच रिसॉर्टकडे वळावे, असे माझे मत आहे. किल्ल्यातच होळकर घराण्याच्या वारसांनी चालविलेले हॉटेलही आहे, पण त्याचे भाडे पाहता आपण ते यादीत घेतले नाही ते समजण्यासारखे आहे. वाड्यात सकाळी मातीची शिवलिंगे घडवून होणारे लिंगार्चन मात्र तेथे न उतरताही पाहता येते.

धर्मशाळेचा विचार सोडावा. चातुर्मास संपला की नर्मदा परिक्रमेला निघालेले लोक पायी येऊ लागतात, आणि पाठीवर पडशी घेऊन संध्याकाळी पोहोचणाऱ्या त्या माणसांना अशा जागेखेरीज दुसरा आसरा नसतो. भाडे भरण्याची ऐपत असलेल्या कुटुंबाने तेथे तीन रात्री खोली अडवून ठेवणे मला पटत नाही.

तारखा ठरविण्यापूर्वी पंचांग उघडावे. माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे आपली रथसप्तमी, हीच तेथे नर्मदा जयंती. आणि वद्य चतुर्दशीला महाशिवरात्र. या दोन्ही दिवसांच्या आसपास खोल्यांचे भाव चढतात आणि घाटाजवळच्या खोलीत ध्वनिक्षेपकांमुळे झोप मिळेलच असे नाही. नर्मदा जयंतीच्या रात्रीचा दीपदानाचा सोहळा पाहायचाच असेल तर गोष्ट वेगळी, परंतु मग आगाऊ रक्कम परत मिळण्याची अट लेखी मागून घ्यावी. एरवी या दोन तिथींच्या मधले दिवस निवडावेत. खोलीला जोडून कमोड आणि पहाटे गरम पाणी आहे का, हे विचारण्यास संकोच करू नये.

राहता राहिले स्नान. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून सासूबाईंना पाण्यात उतरवू नये. कोरड्या पायरीवर बसवून तांब्याने नर्मदेचे पाणी घालावे.